लाल पॉपी ओळखायची तर आधी बोंड पाहा: भूमध्य समुद्राकाठच्या रानपॉपींसाठी मार्गदर्शक

एप्रिलच्या मध्यावर रोमजवळच्या जुन्या आप्पिया रस्त्यावर गेलात, तर दगडी फरशीच्या दोन्ही अंगांना लाल पॉपी, म्हणजे खसखशीच्या कुळातली रानफुलं, उभी दिसतात. इटलीतल्या माझ्या पहिल्या वसंतात मी तिथे तीनेकशे फोटो काढले. उन्हाळ्यात ते घेऊन जाती ओळखायला बसले, तेव्हा लक्षात आलं की सगळे फोटो वरून काढलेत. एकातही बोंड नाही, देठ नाही, खालचं पान नाही. तोवर रानातली फुलं वाळून गेली होती, म्हणजे पुढचा वसंत येईपर्यंत थांबणं आलं. तुमचं वर्ष असं वाया जाऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

स्पेन, दक्षिण फ्रान्स, इटली, ग्रीस या पट्ट्यात शिकायला, नोकरीला किंवा फिरायला आलेल्या आणि वनस्पतिशास्त्र न शिकलेल्या माणसासाठी हा लेख आहे. शास्त्रीय नावं येतील, पण ती पाठ करायची घाई नाही. कुठल्या क्रमानं पाहायचं, तेवढं हाताला लागलं की नावं आपोआप बसतात.

१. पिशवीत काय हवं

- दहापट मोठं दाखवणारं भिंग. याच्याशिवाय जाऊ नका. मोबाइलचा मॅक्रो त्याच्या जोडीला चालतो, जागी नाही.
- पंधरा सेंटिमीटरची पट्टी.
- पांढऱ्या जाड कागदाचे दोन-चार तुकडे. एक फोटोमागे धरायला, बाकीचे चीक टिपायला.
- वही आणि पेन्सिल. सकाळी गवत दवानं भिजलेलं असतं, पेनाची शाई पसरते.
- बंद बूट आणि पायघोळ पँट. उंच गवतात गोचिड्या असतात. घरी आल्यावर गुडघ्यांच्या मागे आणि कमरेशी तपासून बघा.

सकाळी नऊच्या आसपास निघा. पॉपीचं फूल सकाळी उमलतं आणि एक-दोन दिवसांत पाकळ्या गळतात. वारा असला तर दुपारपर्यंत निम्मी फुलं उघडी पडलेली असतात. ही तक्रारीची गोष्ट नाही, कारण पाकळ्या गळलेली झाडंच आपल्याला जास्त उपयोगी पडणार आहेत.

२. ती पॉपीच आहे ना, आधी एवढं बघा

पॉपीला चार पाकळ्या असतात, दोन बाहेर आणि दोन आत. कळी मान खाली घालून असते आणि उमलायच्या आधी ताठ होते. कळीभोवती दोनच हिरवी निदलं असतात आणि फूल उघडताना ती गळून पडतात. म्हणून उमललेल्या लाल फुलाखाली हिरवी निदलं घट्ट चिकटलेली दिसली, तर ते फूल पॉपीचं नाही. पान मोडलं की चीक येतो. पाकळ्या नुकत्या उघडल्या असतील तर घडी मोडलेल्या रेशमी कापडासारख्या चुरगळलेल्या असतात, कारण कळीत त्या तशाच कोंबलेल्या असतात.

फसवणारी मुख्य चार:

लाल अॅनिमोनी (अॅनिमोनी कोरोनारिया) फुलते ती पॉपीच्या आधी, भर हिवाळ्यापासून. फुलाखाली देठावर चिरलेल्या हिरव्या पानांचं एक कडं असतं, ते दिसलं की निर्णय झाला. कोकणातून गेलेल्या बेने इस्रायल कुटुंबांमुळे इस्रायलमध्येही मराठी बोलणारे आहेत. त्यांच्याकडे नेगेव वाळवंटाच्या उत्तर भागात फेब्रुवारीत जे लाल गालिचे पसरतात, ते या अॅनिमोनीचे.

लाल रॅननक्युलसच्या पाकळ्या तकाकतात आणि खाली हिरवी निदलं टिकून असतात. रानट्यूलिपला सहा पाकळ्या आणि लांब सरळ पानं. अॅडोनिसचं फूल लहान, पाकळ्या चारपेक्षा जास्त, आणि पानं बडीशेपेच्या पाल्यासारखी बारीक.

ही सगळी एकमेकांसारखी दिसतात, त्याला कारण आहे. भूमध्य समुद्राच्या पूर्व काठाला ग्लॅफिरिड कुळातले केसाळ भुंगे लाल, वाटीसारख्या, मधोमध काळ्या फुलांकडे ओढले जातात. वेगवेगळ्या कुळांतल्या फुलांनी एकाच गिऱ्हाइकासाठी तोच वेश घेतलाय. आपला गोंधळ होतो यात नवल नाही.

३. बोंड शोधा, आणि तिथेच जास्तीत जास्त वेळ द्या

आई एका मे महिन्यात माझ्याकडे आली होती. तिला कुंपणाशी नेऊन पाकळ्या गळालेली एक पॉपी दाखवली. तिनं बोंड दोन बोटांत धरलं आणि म्हणाली, "अगं, हे तर खसखशीचं बोंड, फक्त लेकरू आहे." काष्ठौषधीच्या दुकानात तिनं लहानपणी अफूची वाळकी बोंडं पाहिली होती. मी वर्षभर पाकळ्यांत अडकले होते, आणि तिनं पहिल्या मिनिटाला बरोबर जागी हात घातला. जात ओळखण्याची किल्ली बोंडात आहे.

भिंग डोळ्याला टेकवा आणि बोंड भिंगाजवळ आणा, उलटं नाही. बोंडावर एक चपटं झाकण दिसेल. झाकणावर मधून कडेकडे गेलेल्या मखमली रेघा असतात, बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या. ही फुलाची कुक्षी, म्हणजे पराग पडतात तो भाग. बोंड पिकून वाळलं की झाकणाच्या खालच्या बाजूनं बारीक खिडक्या उघडतात आणि वाऱ्यानं देठ हलला की त्यातून बी उडतं.

आता चार प्रश्न, याच क्रमानं:

अ) बोंड गुळगुळीत की कुसळांचं? इथेच लाल पॉपींचे दोन मोठे गट पडतात. बोट फिरवून ठरवू नका, भिंगातून पाहा. काही जातींत कुसळं मोजकीच असतात आणि बोटाला कळत नाहीत.

आ) लांबी रुंदीच्या किती पट? पट्टी लावा. दुपटीपेक्षा कमी की जास्त, एवढंच हवं आहे.

इ) बूड गोल आहे की खाली देठाकडे निमुळतं होत जातं?

ई) झाकणावर आरे किती? चार-पाच की आठ-दहा? एकाच झाडावरच्या दोन बोंडांत एखाद-दुसरा आरा इकडे-तिकडे होतो, म्हणून तीन बोंडं मोजा.

इथली नेहमीची चूक म्हणजे कोवळं बोंड मोजणं. पाकळ्या नुकत्या गळल्या असतील तर सगळीच बोंडं बारीक आणि लांबट वाटतात. त्याच झाडावर खाली, आधी फुललेलं आणि पुरतं फुगलेलं बोंड असतं, ते घ्या. ते नसेल तर जागा लिहून ठेवा आणि दोन आठवड्यांनी परत या. अंदाजानं नाव लिहिण्यापेक्षा दुसरी फेरी बरी.

४. देठावरची लव

फुलाच्या लगेच खालचा देठ उजेडासमोर आडवा धरा. लव देठाशी काटकोनात ताठ उभी आहे, की देठाला चिकटून वरच्या दिशेनं विंचरल्यासारखी बसली आहे? ताठ असेल तर बहुधा साधी पॉपी, चिकटलेली असेल तर बहुधा लांब बोंडाची.

"बहुधा" मुद्दाम लिहिलंय. साध्या पॉपीचाच स्ट्रिगोसम नावाचा एक प्रकार आहे, त्याच्या देठावरची लव चिकटलेली असते. म्हणून लव ही साक्षीदार माना, न्यायाधीश नको. बोंड आणि लव वेगवेगळं सांगत असतील तर बोंडाचं ऐका.

५. पुंकेसर आणि चीक

ताज्या फुलात दोन गोष्टी बघा. पहिली, परागकोशाचा रंग: निळसर-काळा, जांभळा की पिवळा? दुसरी, पुंकेसराचा तंतू: दोऱ्यासारखा सगळीकडे सारखा, की वरच्या टोकाकडे जाडावलेला, गदेसारखा? कुसळांच्या बोंडाच्या पॉपींत तंतू वर जाडावलेला असतो, गुळगुळीत बोंडाच्या पॉपींत सारखा. बोंड अजून तयार नसेल, तर निदान गट या खुणेवरून लागतो.

मग खालचं एक पान मोडून चीक पांढऱ्या कागदावर टिपा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. पांढरा राहतो की पिवळा होतो ते लिहा. आपल्याकडचा पिवळा धोतरा मोडला की पिवळाधमक चीक येतो, तो आठवा. तोही याच कुळातला. चिकाचा हात डोळ्याला लावू नका आणि काही खाण्याआधी धुवा.

६. पाकळी सगळ्यात शेवटी

पाकळीच्या बुडाशी काळा डाग आहे की नाही, हे नवखा माणूस आधी बघतो, मीही बघत होते. साध्या पॉपीत तो असतोही आणि नसतोही. एकाच बांधावर दोन्ही सापडतात. रंगाचंही तसंच. सकाळच्या उन्हात, ढगाळ हवेत आणि मोबाइलच्या पडद्यावर तोच लाल तीन तऱ्हांनी दिसतो. मधमाशीला तर आपला लाल दिसतच नाही. युरोपातल्या पॉपीकडे ती येते ती पाकळीतून परतणाऱ्या अतिनील प्रकाशामुळे, आणि परागांसाठी. या फुलात मध नसतो.

पाकळ्या एकमेकींवर चढलेल्या आहेत की मध्ये फटी आहेत, हे मात्र लिहून ठेवा. ते कामाला येतं.

७. आता नावं

*गुळगुळीत बोंड*

साधी पॉपी, पापावेर रोएआस. तुम्ही पाहाल त्या लाल शेतांतली बहुतेक हीच. बोंड ठेंगणं, पोट सुटलेलं, बूड गोल, लांबी रुंदीच्या दुपटीपेक्षा कमी. झाकण रुंद, आरे बहुधा आठ ते बारा. झाकणाची कड भिंगातून पाहिली तर तिचे भाग कौलांसारखे एकमेकांवर चढलेले दिसतात. फूल मोठं, पाकळ्या रुंद आणि एकमेकींवर आलेल्या. परागकोश निळसर-काळे. देठावरची लव ताठ. इटलीत हिला पापाव्हेरो किंवा रोझोलाच्चो म्हणतात, स्पेनमध्ये आमापोला, फ्रान्समध्ये कोक्लिको, ग्रीसमध्ये पापारूना. तुर्कीतलं नाव गेलिनजिक, म्हणजे छोटी नवरी, मला सगळ्यांत आवडतं.

ही गव्हाच्या शेतात आणि नव्यानं खणलेल्या रस्त्याच्या कडेला का येते, ते समजून घ्या म्हणजे शोधायला सोपं जातं. तिचं बी जमिनीत वर्षानुवर्षं, दशकंसुद्धा, जिवंत पडून राहतं आणि नांगरानं किंवा खोदकामानं वर येऊन उजेड मिळाला की रुजतं. तणनाशक मारलेल्या शेतात ती बांधापुरती उरते. म्हणून हालवलेली माती शोधा.

लांब बोंडाची, पापावेर डुबियम. बोंड लांबी-रुंदीत दुपटीहून जास्त, वर रुंद आणि खाली देठाकडे निमुळतं होत गेलेलं. लव चिकटलेली. फूल जरा लहान, लाल थोडा फिका, नारिंगीकडे झुकलेला, बुडाशी बहुधा डाग नाही. परागकोश जांभळट. पहिल्यांदा दिसली की "ही साधीच, पण कोमेजलेली" असं वाटतं. तिथे थांबा आणि पट्टी काढा.

तिची जुळी, पापावेर लेकोकी. काही पुस्तकं हिला डुबियमचीच उपजात मानतात. बोंड तसंच लांब, पण चीक हवा लागली की पिवळा होतो आणि परागकोश पिवळसर असतात. चिकाची चाचणी न करता हे नाव लिहू नका.

पापावेर पिनॅटिफिडम. समुद्राकाठच्या उबदार भागातली. बोंड लांब आणि गुळगुळीत, परागकोश फिके पिवळे. केवळ पिवळे परागकोश पाहून लेकोकी म्हणून मोकळं होणाऱ्यांना ही अडकवते.

*कुसळांचं बोंड*

पापावेर आर्जेमोने. बोंड लांब, अरुंद आणि त्यावर मोजकी, वरच्या दिशेची ताठ कुसळं. आरे चार ते सहा. पाकळ्या अरुंद, त्यांच्यात फटी, बुडाशी काळा डाग. झाड नाजूक, गवतात हरवणारं. नाव वाचून घोळ होईल, कारण आपल्या पिवळ्या धोतऱ्याचं शास्त्रीय नावही आर्जेमोने मेक्सिकाना. दोघांचा संबंध कुळापुरताच.

पापावेर हायब्रिडम. ही सापडली की मला अजून आनंद होतो. फूल लहान, रंग शेंदरी नव्हे, वाइनकडे झुकलेला, बुडाशी गडद डाग. बोंड गोल आणि दाट, बाहेर वळलेल्या पिवळट कुसळांनी भरलेलं. एरंडाचं कोवळं फळ डोळ्यांपुढे आणा आणि ते सेंटिमीटरभर करा, झालं. पाकळ्या लवकर गळतात, म्हणून दुपारी गेलात तर फूल नाही, फक्त ही काटेरी गोळी दिसेल. तेवढी पुरते.

पापावेर अपुलम. अपुलिया म्हणजे इटलीची टाच, नाव तिथलं. इटलीपासून पूर्वेकडे बाल्कन, ग्रीसच्या बाजूला भेटते. कुसळांच्या गटातलीच, वरच्या दोघींत बसत नसेल तर हिचा विचार करा.

*बोंडच नाही, शेंग आहे*

लाल शिंगाळी पॉपी, ग्लॉसियम कॉर्निक्युलाटम. चार लाल किंवा नारिंगी पाकळ्या, बुडाशी बहुधा काळा डाग, पण पाकळ्या गळल्या की गोल बोंडाऐवजी मोहरीच्या शेंगेची कितीतरी पट लांब आवृत्ती वाढत जाते, वीतभरसुद्धा. पानांवर निळसर छटा, चीक पिवळा.

ग्रीसची बेटं, तुर्कस्तान आणि लेव्हंटचा (भूमध्य समुद्राच्या पूर्वेचा) किनारा इथे यांखेरीज स्थानिक जाती आहेत, उदाहरणार्थ पापावेर उम्बोनाटम. तिकडे राहणाऱ्यांनी पाहण्याचा क्रम हाच ठेवावा, पण नावासाठी त्या देशाची वनस्पतिसूची घ्यावी. इटलीचं पुस्तक तिथे चालत नाही.

८. नावांचा सापळा

जुन्या पुस्तकांत कुसळांच्या बोंडाच्या सगळ्या पॉपी पापावेर या प्रजातीत आहेत. जनुकीय अभ्यासात त्या शेजारच्या रोमेरिया या प्रजातीला जास्त जवळच्या निघाल्या, म्हणून नव्या याद्यांत त्यांची बदली झाली. पापावेर आर्जेमोने आता रोमेरिया आर्जेमोने. पापावेर हायब्रिडमचं मात्र रोमेरिया हायब्रिडम झालं नाही, कारण रोमेरिया हायब्रिडा नावाची दुसरीच वनस्पती आधीपासून होती, जांभळ्या फुलांची आणि लांब शेंगेची. म्हणून आपली काटेरी गोळी झाली रोमेरिया हिस्पिडा. मी एकदा वहीत जुन्या आणि नव्या नावांची सरमिसळ केली आणि लाल फुलाला जांभळ्या फुलाचं नाव देऊन बसले. वहीत दोन्ही नावं शेजारी-शेजारी लिहा.

९. नोंद करताना

प्रत्येक झाडाचे पाच फोटो: फूल समोरून, फूल बाजूनं देठाच्या लवेसह, पिकलेलं बोंड पट्टीशेजारी, बोंडाचं झाकण वरून, खालची पानं. बोंडामागे पांढरा कागद धरा, नाहीतर कॅमेरा मागच्या गवतावर नेम धरतो. वहीत तारीख, जागा, चिकाचा रंग आणि आऱ्यांची संख्या लिहा. ही शेवटची दोन फोटोत नीट येत नाहीत.

आयनॅचरलिस्ट आणि प्लांटनेट ही अॅप वापरा, पण पहिलं सुचवलेलं नाव लगेच स्वीकारू नका. वरून काढलेल्या लाल फुलाला माझ्या अनुभवात दोन्ही अॅप बहुतेक वेळा साधी पॉपीच म्हणतात. वरचे पाच फोटो चढवले की तुमची नोंद तपासणाऱ्या जाणकाराला काहीतरी हाती लागतं. मला पहिलं हायब्रिडम अशाच एका अनोळखी माणसानं दुरुस्त करून दिलं, बोंडाच्या फोटोवरून.

१०. कुठे, कधी आणि काय टाळायचं

रोममध्ये आप्पिया आणि काफारेल्ला खोरं, एप्रिल ते मे. दक्षिणेकडे आणि समुद्राकाठी मार्चपासूनच सुरुवात होते. ऑलिव्हच्या बागांच्या कडा, जुन्या भिंती, रेल्वेचे बांध या जागा शेतांपेक्षा चांगल्या, कारण तिथे दोन-तीन जाती शेजारी-शेजारी मिळतात आणि तुलना करता येते. रुळांजवळ मात्र जाऊ नका.

उभ्या पिकात पाय घालू नका, कडेनं चाला. आपेनाइन्सच्या डोंगरात मेंढ्यांचा कळप दिसला तर लांबूनच वळसा घ्या. पांढरे मारेम्मा कुत्रे कळपाची राखण करतात आणि तुम्ही फुलं बघायला आलात हे त्यांना कळत नाही. संरक्षित उद्यानांत काही तोडू नका, आणि बाहेरही चिकासाठी एक पान पुरे.

बी मायदेशी आणू नका. भारतात बियाणं आणायला आयात परवाना आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं, आणि खिशातल्या वाळक्या बोंडाकडे पाहून विमानतळावर कुणी साधी पॉपी की अफू हे ठरवत बसणार नाही. लाल रानपॉपी अफूची नाही हे खरं. अफूचं रानटी नातेवाईक भूमध्य काठावर आहे, पण त्याचं फूल फिकट जांभळं आणि पानं निळसर, देठाला कवटाळणारी. कोवळी पॉपीची पानं अपुलियात शिजवून खातात, पण पान पाहून जात ओळखता येईपर्यंत आपण त्या वाटेला जायचं नाही.

मे गेला आणि तुमचा हंगाम हुकला असं वाटलं, तर मध्य इटलीत उंब्रियातल्या कास्तेल्लुच्चो गावी जा. सुमारे १४५० मीटर उंचीवर असल्यानं तिथे फुलोरा जूनच्या शेवटी आणि जुलैच्या सुरुवातीला येतो. मसुराच्या शेतांत लाल पॉपी आणि निळी कॉर्नफ्लॉवर एकत्र फुलतात. ऑक्टोबर २०१६ च्या भूकंपानं गाव उद्ध्वस्त केलं, शेतं मात्र पेरली जात राहिली. फुलोऱ्याच्या शनिवार-रविवारी गाड्यांवर निर्बंध असतात, म्हणून मधल्या वारी आणि पहाटे निघा. रस्त्याच्या कडेला पाकळ्या गळालेली झाडं आधी शोधा आणि भिंग काढा.